जाणे, येणे, राहणे : मरणावरची कविता लिहिण्याची एक पद्धत

घराबाहेर पडताना कोणी "जातो" म्हणाले, की आपल्याकडे घरातले मोठे माणूस लगेच टोकते, "जातो म्हणू नये, येतो म्हणावे." उंबरठ्यावर 'जाणे' हे क्रियापद आपण टाळतो, कारण ते एका अर्थासाठी राखून ठेवलेले आहे. "आई गेली" एवढे दोन शब्द फोनवर ऐकले, की कुठे गेली असे कोणी विचारत नाही. जी गेली ती पुढे कधीतरी स्वप्नात येते, आपण म्हणतोही तसेच, "काल आई आली होती." आणि तिच्या वस्तू घरात राहतात. मरण, स्वप्न आणि डोळ्यांसमोरचे वस्तूंचे जग हे कवितेचे तीन फार जुने विषय आहेत, आणि आपल्या भाषेने त्यांच्यासाठी जाणे, येणे, राहणे ही तीन साधी, रोजच्या वापरातली क्रियापदे देऊन ठेवली आहेत. पुढची सगळी पद्धत या तीन क्रियापदांवर उभी आहे.

ज्यांच्या घरातले कोणी गेले आहे, ज्यांनी त्यावर काहीतरी लिहून पाहिले आहे आणि ते लिहिलेले ज्यांना स्वतःलाच खोटे वाटले आहे, अशांसाठी हा लेख आहे. मी स्वतः त्यांतलाच एक होतो. आई गेल्यानंतर महिन्याच्या आत मी चाळीस ओळींची कविता लिहिली आणि एका दिवाळी अंकाकडे पाठवून दिली. ती परत आली, आणि सोबतच्या चिठ्ठीवर संपादकांनी एकच ओळ लिहिली होती : "यात तुमची आई कुठे आहे?" त्या दिवशी राग आला. पण कविता पुन्हा काढून वाचली तेव्हा तिच्यात काळ होता, नियती होती, पोकळी होती, मायेचे छत्र होते आणि आई खरोखरच नव्हती. त्यानंतरच्या काही वर्षांत चुकत-माकत जी पद्धत हाती लागली ती येथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी : राहिलेल्या वस्तूंची यादी

कवितेला हात घालण्याआधी एक वही घेऊन गेलेल्या माणसाच्या खोलीत, किंवा त्या माणसाचा वावर जेथे जास्त होता त्या जागी, तासभर बसावे. स्वयंपाकघर, देवघराची पायरी, गोठा, दुकानाचा गल्ला, काहीही चालेल. त्या तासात वीस-पंचवीस वस्तूंची नोंद करावी आणि भावनेचा एकही शब्द लिहू नये. 'आईचा प्रेमळ चष्मा' ही नोंद नव्हे; 'चष्मा, उजवी काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, गाठ आतल्या बाजूला' ही नोंद आहे.

प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ती आत्ता नेमकी कोठे आहे? तिच्यावर हाताची, घामाची, वापराची कोणती खूण आहे? आणि तिच्यात कोणते काम अर्धे राहिले आहे? पहिल्या दोन प्रश्नांमुळे वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते; कविता मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नात दडलेली असते. माझ्या यादीत औषधाची एक पट्टी होती, जिच्यातल्या चार गोळ्या फोडलेल्या आणि सहा भरलेल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले होते, ते सतरा तारखेपर्यंतच. आणि आईचे पायमशीन होते. त्याच्या बॉबिनवर शेंदरी रंगाचा दोरा अर्धा गुंडाळलेला होता. खोलीत त्या रंगाचे कापड कोठेही दिसले नाही, त्यामुळे ती काय शिवत होती हे कळायला मार्ग नव्हता.

या तिसऱ्या प्रश्नाशी आपल्या भाषेची एक खास लकब जोडलेली आहे, तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. 'राहणे' म्हणजे मागे उरणे, आणि 'राहणे' म्हणजेच करायचे न होणे. "दोरा राहिला" आणि "विचारायचे राहिले" या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. त्याच्यापुढे 'जाणे' जोडले की "राहून गेले" असा प्रयोग तयार होतो, ज्यात राहणे आणि जाणे एकमेकांना चिकटून उभे असतात. आरती प्रभूंची "गेले द्यायचे राहून" ही ओळ इतक्या लोकांच्या तोंडी बसली त्याला सुरेल चालीइतकाच हा प्रयोगही कारण असावा, असे मला वाटते. या ओळीला काहीही नवे घडवावे लागलेले नाही, घरोघर बोलले जाणारे वाक्य तिने फक्त योग्य जागी थांबवले आहे. इंदिरा संतांच्या पतीचे 1946 मध्ये निधन झाले, आणि त्यानंतर आलेल्या त्यांच्या संग्रहांची नावे 'शेला' आणि 'मेंदी' अशी, वस्तूंचीच आहेत. आपल्या यादीकडे पाहताना हे आठवावे.

विधींतल्या वस्तूही यादीत घ्याव्यात, मात्र जपून घ्याव्यात. दहा दिवस तेवणारा दिवा, त्याच्याखालच्या पिठावर ठसा उमटला का ते सकाळी वाकून पाहणारे घरातले लोक, तोंडात ठेवलेले तुळशीपत्र, घाटावर पिंडाला कावळा शिवेपर्यंत मोठ्याने दिली जाणारी आश्वासने, हे सगळे फार समृद्ध साहित्य आहे आणि म्हणूनच पुष्कळदा वापरून गुळगुळीत झालेले आहे. कावळा घ्यायचाच असेल तर त्याच्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे ते नीट आठवून घ्यावे. ज्ञानेश्वरांच्या "पैल तो गे काऊ कोकताहे । शकुन गे माये सांगताहे" या विरहिणीत कावळा कोणीतरी येणार असल्याचे सांगतो; अंगणात कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे आपण अजूनही म्हणतो. दहाव्याला मात्र त्याच पक्ष्याने पिंडाला चोच लावली की जीव गेला, सुटला, असे मानतात. येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही बातम्या एकाच पक्ष्याकडे सोपवलेल्या आहेत. त्या घाटावर आपण काय पाहिले, किती वेळ थांबलो, कोण काय कबूल करत होते, एवढे खरे तपशील हाती असतील तर जुना कावळाही नवा होतो. नसतील तर तो सोडून द्यावा.

दुसरी पायरी : क्रियापद ठरवणे

मराठीत मरणासाठी शब्दांची वाण नाही. गेला, वारला, निवर्तला, निधन झाले, देवाज्ञा झाली, खपला, आटोपला, मेला. यांतला प्रत्येक शब्द निराळ्या तोंडचा आहे. 'निधन झाले' हे वर्तमानपत्राच्या तोंडचे, 'देवाज्ञा झाली' हे जुन्या पत्रांच्या तोंडचे, आणि 'गेला' हे घरातल्यांच्या तोंडचे. कवितेसाठी माझी शिफारस सोपी आहे : त्या दिवशी आपल्या घरातून पहिला फोन गेला तेव्हा जो शब्द उच्चारला गेला, तोच वापरावा. तो शब्द कवी म्हणून निवडलेला नसतो, आणि त्याचे वजन त्यातूनच येते.

'मेला' हा शब्द माणसाला लावायला आपली जीभ कचरते. म्हणून बा. सी. मर्ढेकरांच्या "पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण" या ओळींत तो इतका जड पडतो. उंदरांसाठी 'मेले' म्हणणे भाषेला पूर्ण मान्य आहे. वाचताना हळूहळू ध्यानात येते की हे शहरातल्या माणसांचे जगणे आणि मरणे आहे, आणि तोवर शब्द आपल्या अंगावर येऊन पडलेला असतो. या ओळींत शोकाचा एक शब्द नाही. पिंप आहे, ओल आहे, माना आहेत. 'मुरगळल्याविण' या एका शब्दात कोणी मान पिरगळणारा हात नव्हता, हेही सांगून झाले आहे. शरीराचे वर्णन करायची वेळ आली की मी या दोन ओळी पुन्हा वाचतो, कारण शरीराविषयी लिहिताना आपण फार लवकर आत्म्याकडे पळतो.

क्रियापदाइतकाच काळही महत्त्वाचा आहे. भा. रा. तांब्यांची "जन पळभर म्हणतिल, 'हाय हाय'! मी जातां राहिल कार्य काय?" ही कविता जवळजवळ सगळी भविष्यकाळात आहे. सूर्य तळपतील, चंद्र झळकतील, मेघ वर्षतील, शेते पिकतील. पहिल्याच कडव्यात 'जाता' आणि 'राहील' समोरासमोर आहेत, आणि पुढे "पुन्हा तटावर हेच पाय?" असा प्रश्न येतो तेव्हा सूर्य, चंद्र, नद्या यांच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एकदम नदीकाठच्या ओल्या मातीवरचे पायांचे ठसे दिसतात. माझ्या मते कवितेतले सगळ्यात खोल ठिकाण हेच आहे. बाकीचे विश्व त्या दोन पायांना जागा करून देण्यासाठी आले आहे.

येथे एक अभ्यास करून पाहावा. यादीतली एक वस्तू घेऊन तिच्यावर तीन वाक्ये लिहावीत, आणि तीच वाक्ये भूतकाळात, वर्तमानकाळात आणि भविष्यकाळात फिरवून पाहावीत. "मशीन खिडकीशी होते", "मशीन खिडकीशी आहे", "मशीन खिडकीशी राहील". भूतकाळात आठवण येते, वर्तमानकाळात घर येते, भविष्यकाळात आपले स्वतःचे मरण डोकावते. कोणते हवे आहे हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी : येणाऱ्याची नोंद

स्वप्नांसाठी वेगळी वही ठेवावी आणि ती उशाशी असावी. जाग आल्यावर कोणाशी बोलण्याआधी, फोन हातात घेण्याआधी, अंथरुणातच लिहावे, कारण स्वप्न फार झपाट्याने विरते. ज्या निद्रावस्थेत डोळे पापणीआड जलद हलतात त्या अवस्थेत स्वप्ने जास्त ठळक पडतात, आणि रात्र सरत जाते तसे या अवस्थेचे टप्पे लांबत जातात. पहाटेचे स्वप्न आपल्याला जास्त आठवते त्याचे हे एक कारण आहे. ते खरे होते ही समजूत कदाचित त्या ठळकपणातूनच आली असावी.

काय लिहावे, याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. गेलेले माणूस स्वप्नात आले होते असे सांगितले, की घरातली म्हातारी माणसे ठरलेले प्रश्न विचारतात : काही बोलली का? काही मागितले का? अंगावर काय होते? नोंदीसाठी यापेक्षा चांगली प्रश्नावली मला आजवर सापडलेली नाही. स्वप्नात माणूस काय करत होते, हातात काय होते, काय मागितले, एवढेच लिहावे. त्याचा अर्थ लिहू नये. अर्थ लिहिला की वहीतून स्वप्न निघून जाते आणि आपले मत तेवढे उरते.

तुकोबांचा स्वप्नाचा अभंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. "नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां ॥ सांगितलें काम करावें कवित्व । वाउगें निमित्य बोलों नये ॥" नामदेव तुकोबांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी होऊन गेले, म्हणजे गेलेला एक कवी स्वप्नात आला आहे. तो 'येऊनियां' काय करतो? सांत्वन करत नाही, दृष्टान्ताचे कोडे घालत नाही; काम सांगतो. पुढे विठ्ठल 'थापटोनि' सावध करतो. थापटणे ही आईची झोपवण्याची क्रिया, आणि तिनेच येथे जागे केले आहे. स्वप्नात अंगाला झालेला तो स्पर्श त्या एका शब्दामुळे तीनशेहून अधिक वर्षे टिकून राहिला आहे. आपल्या नोंदीतही असा एक तरी शब्द शोधावा, ज्यात हाताला काहीतरी लागते.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : "आई मशीनवर बसली होती. सुईत दोरा ओवून दे म्हणाली, तिला दिसत नव्हते. मी सुई घेतली. सुईला नेढेच नव्हते." एवढीच. मी पुष्कळ दिवस या स्वप्नाचा अर्थ लावत होतो आणि तोवर कविता पुढे सरकली नाही.

कवितेत स्वप्न उतरवताना दोन पथ्ये पाळावीत. 'स्वप्न' हा शब्द फार तर एकदा यावा, आणि शक्य तर येऊच नये. 'आली' एवढे म्हटले तरी वाचक समजतो. दुसरे म्हणजे 'जणू', 'भासले', 'वाटले' हे शब्द काढून टाकावेत. स्वप्नात असताना आपल्याला काहीही जणू वाटत नाही, ते घडतच असते.

चौथी पायरी : साचा आणि मोजणी

पुष्कळ जण विचारतात की दुःखाला अक्षरे मोजून कसे लिहायचे. माझा अनुभव उलटा आहे. मोजायला लागले की मन सावध होते आणि पहिला सुचलेला, म्हणजे बहुधा उसना, शब्द बसत नाही म्हणून गळून पडतो. नव्याने लिहिणाऱ्याने म्हणून प्रथम छंदातच लिहावे.

अभंगाच्या मोठ्या प्रकारात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. मोजून पाहावे : "आपुले मरण । पाहिले म्यां डोळां । तो जाला सोहळा । अनुपम्य". सहा, सहा, सहा, चार, आणि डोळां-सोहळा हे यमक. तुकोबा येथे अहंकाराच्या मरणाविषयी बोलत आहेत, देहाच्या नव्हे. पण शेवटचा चरण आखूड असल्याने श्वास मध्येच थांबतो आणि त्या थांबण्यात विस्मय येतो, हे छंदाचे काम आहे. ज्यांना मरणाच्या कवितेत शेवटी थोडी मोकळी जागा हवी आहे त्यांनी हा साचा घ्यावा.

मोजताना कानावर जास्त विश्वास ठेवावा. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीस समाधी घेतली, त्या प्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगात शेवटी येते : "नामा म्हणे आता लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ ॥" 'लोपला दिनकर' यात सात अक्षरे आहेत. म्हणताना 'दिनकर' दोन झटक्यांत म्हटले जाते आणि चरण कानाला मुळीच जास्त वाटत नाही. याच ओळीत आणखी एक गोष्ट पाहावी. सूर्य लोपला, ही मोठी प्रतिमा आधी येते, आणि लगेच 'बाप' हा घरातला शब्द येतो. मोठी प्रतिमा वापरायचीच असेल तर तिच्या शेजारी घरातला शब्द हवा, एवढे मी या ओळीवरून शिकलो.

दुसरा साचा आठ अक्षरांचा. बहिणाबाईंच्या ओळी मोजाव्यात :

आला सास, गेला सास
जीवा तुझं रे तंतर
अरे जगनं-मरनं
एका सासाचं अंतर

प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, आणि पहिल्याच ओळीत 'आला' आणि 'गेला'. येणे-जाणे येथे श्वासाचे आहे, आणि ओळ म्हणताना आपलाही श्वास तसाच आत-बाहेर होतो. मरणाची व्याख्या म्हणणाऱ्याच्या छातीत घडते. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लिहायला शिकलेल्या नव्हत्या. काम करता करता त्या ओव्या म्हणत आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या. म्हणून त्यांच्या ओळीला हाताच्या कामाची लय आहे. आपणही या साच्यात लिहिताना बसून लिहू नये. काहीतरी काम करत ओळ तोंडात घोळवावी आणि जमली की मग टिपावी.

मर्ढेकरांच्या वर दिलेल्या ओळी सोळा मात्रांच्या, पादाकुलकाच्या चालीच्या आहेत. मुलांच्या गाण्यांना शोभणारी ही ठेक्याची चाल मेलेल्या उंदरांना दिल्यामुळे जो काटा येतो, तो मुक्तछंदात आला नसता. मुक्तछंदाविषयी एवढेच सांगतो की तो छंदाची मोजणी आल्यावर घ्यावा, आणि त्यात ओळ कोठे तोडायची हे श्वासाने ठरवावे, कागदाच्या रुंदीने नव्हे.

पाचवी पायरी : घराबाहेर पडणे

वस्तूंच्या यादीत अडकून कविता कधीकधी घुसमटते. अशा वेळी घराबाहेरच्या जगाकडे, शिवार, रस्ता, नदी यांच्याकडे वळावे, मात्र त्यांना आपले दुःख वाहायला लावू नये. आभाळ रडले, झाडांनी माना टाकल्या, असे लिहिले की आभाळही खोटे होते आणि दुःखही.

बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता हे कसे करावे याचा सर्वोत्तम पाठ आहे. हिरवाळी घेऊन वाहणारा निळासावळा झरा, चार घरांचे चिमुकले गाव, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तिच्यातून अडवीतिडवी पडलेली पांढरी पायवाट, जी "हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे". मग पाण्यावर पसरणारा 'गोड काळिमा', आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. कवितेत मरणाचे नाव नाही, दुःखाचे नाव नाही. पण रंगांचा क्रम बोट ठेवून वाचावा : निळा, हिरवा, पांढरा, पुन्हा हिरवा, काळा. आणि क्रियापदे वाचावीत : झरा वाहतो, पायवाट चालली, औदुंबर बसला. जे जाते ते जाते आणि जे राहते ते राहते. मध्ये कोणी काही समजावून सांगत नाही. काळिम्याला 'गोड' म्हणण्याचे धाडस ज्या कवीने केले तो 1918 मध्ये जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून गेला, तेव्हा त्याची अठ्ठाविशीही पूर्ण झाली नव्हती. पुष्कळ जण या कवितेत त्या अपघाताची चाहूल शोधतात. मी तसे वाचत नाही, कारण त्या वाचनात डोह, पायवाट आणि झाड नाहीसे होतात आणि फक्त चरित्र उरते.

अभ्यास म्हणून आपल्या रोजच्या वाटेवरची एक जागा घेऊन तिच्यातले पाच रंग आणि तीन क्रियापदे लिहावीत. गेलेल्या माणसाचे नाव त्या आठ-दहा ओळींत आणू नये. अशा ओळी कवितेत आल्या नाहीत तरी चालते. त्यांनी डोळा ताजा होतो.

सहावी पायरी : काटछाट

माझ्या परत आलेल्या कवितेचा आरंभ असा होता :

काळाच्या निर्दय हातांनी
हिरावून नेले मायेचे छत्र
उरली केवळ अथांग पोकळी

या तीन ओळींतला प्रत्येक शब्द शुद्ध आहे आणि एकही माझा नाही. त्या कोणाच्याही आईला लागू पडतात, शोकसभेच्या फलकावरही शोभतात. यावरून मी एक कसोटी ठरवली : शेजारच्या घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव घालून कविता वाचावी, एक अक्षरही न बदलता ती तिथे बसली तर ती अजून लिहिलेली नाही असे समजावे. काळ, नियती, शून्य, पोकळी, अथांग, अनंत, अश्रू, पैलतीर हे शब्द दिसले की त्यांच्याखाली रेघ मारावी आणि प्रत्येकाच्या जागी यादीतली एखादी वस्तू बसते का ते पाहावे. पहिले आणि शेवटचे कडवे झाकूनही कविता वाचून पाहावी. पहिल्यात आपण बहुधा घसा साफ केलेला असतो आणि शेवटच्यात उपदेश केलेला असतो.

मी चाळीस ओळींच्या आठ ओळी केल्या. साचा आठ अक्षरांचा घेतला.

बॉबिनला अर्धा दोरा
शेंदरी, सुटा, राहिला.
काय शिवत होती ती,
विचारायचे राहिले.

आली. म्हणाली, "ओवून
दे रे, काम हे एवढे."
हातात घेतली सुई;
सुईला नव्हते नेढे.

पहिल्या कडव्यात 'राहिला' आणि 'राहिले' असे जवळजवळ एकच शब्द यमकाच्या जागी आहेत. छंदाच्या हिशेबाने हे कच्चे यमक आहे, पण त्या क्रियापदाचे दोन अर्थ शेजारी शेजारी यावेत म्हणून मी ते तसेच ठेवले. 'गेली' हा शब्द कवितेत कोठेही नाही. तो घालण्याचा मोह तीनदा झाला आणि तीनदा खोडला, कारण 'आली' म्हटल्यावर ती गेलेली आहे हे सांगायची गरज उरत नाही.

सातवी पायरी : मोठ्याने म्हणणे आणि घरात दाखवणे

कविता मोठ्याने, उभे राहून, निदान पाच वेळा म्हणावी. जिभेला ठेच लागते ती जागा दुरुस्त करावी. गळा दाटतो ती जागा मात्र लगेच बदलू नये; आठवडाभराने पुन्हा म्हणून पाहावी, कारण पहिल्यांदा गळा शब्दामुळे दाटला की आठवणीमुळे हे त्या दिवशी कळत नाही. वाचकाजवळ आपली आठवण नसते, त्याच्याजवळ फक्त शब्द असतो.

आणि कोठेही पाठवण्याआधी ती घरात दाखवावी. गेलेले माणूस एकट्या कवीचे नसते. भावंडांना एखादा तपशील दुखावणारा वाटला तर त्यांचे ऐकून घ्यावे, आणि एखादा तपशील चुकीचा आहे असे त्यांनी म्हटले तर तो तपासावाच. माझ्या धाकट्या बहिणीने आठ ओळी वाचल्या आणि म्हणाली, "अरे, ती माझ्या मुलाला दुपटे शिवत होती. कापड माझ्याकडेच आहे. आणि दोरा शेंदरी कुठे, विटकरी होता." मशीन आता तिच्याकडे आहे. आम्ही बॉबिन काढून खिडकीशी नेली. दोरा विटकरीच होता. मी तो पाहिला तेव्हा खोलीत पिवळा दिवा होता.

दुपट्याची गोष्ट कळल्यावरही तिसरी आणि चौथी ओळ मी बदलली नाही, कारण बहिणीला ठाऊक होते तरी मला विचारायचे राहिलेच होते. रंग मात्र बदलणे भाग होते. 'शेंदरी' तीन अक्षरांचा आणि 'विटकरी' चार अक्षरांचा. ओळ नऊ अक्षरांवर गेली. दोन दिवस फेऱ्या मारत ती तोंडात घोळवली. शेवटी मला फार आवडलेला 'सुटा' हा शब्द काढला, आणि पहिल्या दोन ओळी अशा झाल्या :

बॉबिनला अर्धा दोरा
विटकरी, तो राहिला.